ढाळजेतला उजेड

बीड जिल्ह्यात सूर्य वर्षातून दोनदा भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. जुलैतला बहुधा ढगाआड जातो. मेमधला मात्र नेमका लग्नसराईत गाठतो, आणि आमच्याकडं मुहूर्त साडेबाराचा! त्या उन्हात नवरीचे डोळे म्हणजे दोन काळे खड्डे, नाकाची सावली थेट ओठावर. मामांनी आयुष्यभर फोटो काढले ते या उन्हाशी भांडून. रोल धुवायला मी त्यांच्याकडंच शिकलो.

बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. राजधानी हैदराबादेत राजा दीनदयाळांनी 1892 मध्येच बायकांसाठी पडद्यातला स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढणारीही बाईच होती. आमच्या खेड्यांतल्या बायकांचा पहिला फोटो निघाला तो अंगणात, लेकीच्या नाहीतर दिराच्या लग्नात, पदराची सावली कपाळभर घेऊन.

मामांचा स्टुडिओ म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाड्याची ढाळज, दाराला लागून असलेली बसायची जागा. दार उत्तरेकडं असलं की मामा खूश. माणसाला उंबऱ्याच्या आत दोन हात बसवायचं, तोंड अंगणाकडं. समोर चुना दिलेली भिंत असली तर विचारूच नका. ऊन तिच्यावर आपटून मऊ होऊन आत येई. लिंबाखाली मात्र ते कुणाला उभं करीत नसत. सावली दाट दिसते, पण पानांतून पडलेले कवडसे फोटोत चेहऱ्यावर कोडासारखे उमटतात.

ऑर्वोचा नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्यातला इंदू रोल, त्यात बारा फोटो. ऑर्वोच्या 125च्या रोलला कडक उन्हात छिद्र सोळावर, ढाळजेत साडेपाचवर. मीटर नव्हता, अंदाज होता. बारातला एकही वाया घालवणं परवडत नसे, म्हणून ‘माय, हनुवटी जरा वर’ हे चार-चार वेळा म्हटल्यावरच बटण दाबायचं. तरीही डोळ्यांखाली काळं राहिलंच, तर रात्री निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवायची. तेवढी जागा कागदावर उजळ येते. मला ती लबाडी वाटे. मामांना आहेराइतकी रीतसर.

मंडपाबाहेर वऱ्हाडाचा फोटो काढायचा तर ढाळज कुठली? मग सूर्य वऱ्हाडाच्या पाठीशी घ्यायचा आणि समोर जमिनीवर पांढरं धोतर अंथरायचं. उजेड खालून उसळून डोळ्यांत जाई. एकदा कुणीतरी हौसेनं घासलेली परात धरली, तर नवरदेवाला डोळेच उघडता येईनात.

वाऱ्यानं धोतर उडू नये म्हणून त्याचं टोक दाबून बसायचं काम माझं. छापताना मामा खालची कड कापून टाकीत. अंबाजोगाईच्या एका लग्नाच्या फोटोत ते विसरले. नवरीच्या पायांपुढं त्यात माझी चार बोटं आहेत.