जुलमी खलिफाला गादीवर कोणी बसवले?

ईश्वराने बसवले म्हणावे, तर जुलमाचा बोल ईश्वराला लागतो. माणसांनी बसवले म्हणावे, तर ईश्वराच्या सर्वसत्तेला मर्यादा पडते. इस्लामच्या पहिल्या दीड शतकात या प्रश्नावर माणसांचे प्राण गेले. आजचा धागा त्या वादाविषयी.

कुराणात दोन्ही सूर आहेत. ईश्वर हवे त्याला मार्ग दाखवतो, हवे त्याला भटकू देतो, असे एकीकडे. कणभर बऱ्यावाईट कर्माचाही हिशेब होईल, असे दुसरीकडे. सामान्य भाविकाच्या मनात हे दोन्ही सुखाने नांदू शकतात. सत्तेला मात्र त्यातला एकच सोयीचा असतो.

६६१ साली दमास्कसमध्ये उमय्या घराणे सत्तेवर आले आणि ६८० साली करबला घडले. पैगंबरांच्या नातवाच्या रक्ताने हात माखलेल्या या घराण्याला आपली खिलाफत ईश्वराचेच देणे आहे, असे म्हणवून घेणे गरजेचे होते. दरबारी कवींनी ते इमानेइतबारे केले.

याला पहिला विरोध इराकातल्या बसऱ्यातून झाला. माणूस आपल्या कर्माचा कर्ता आहे, पाप ईश्वराच्या माथी मारू नका, असे माबद अल-जुहनी सांगू लागला. विरोधकांनी या मंडळींना ‘कदरिया’ म्हटले. ‘तकदीर’ या शब्दातलेच हे ‘कदर’. गंमत अशी की, तकदीर नाकारणाऱ्यांनाच तिचे नाव चिकटले! इब्न अल-अशअसच्या बंडात सामील झाल्यावरून माबदला ठार करण्यात आले, असे जुने इतिहासकार सांगतात.

बसऱ्याचेच थोर साधुपुरुष हसन अल-बसरी (मृत्यू ७२८) यांच्या नावावर खलिफा अब्द अल-मलिकला लिहिलेले एक पत्र आहे. ते त्यांचेच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यातला युक्तिवाद मात्र बिनतोड आहे : ज्या गोष्टीची ईश्वर मनाई करतो, तीच तो माणसाकडून बळेच कशी करवून घेईल?

दमास्कसचा गैलान हा तर खुद्द राज्यकारभारात लेखनिक होता. खलिफा हिशामच्या काळात (७२४–७४३) त्याचे हातपाय तोडून त्याला मारण्यात आले. पण ७४४ साली त्याच्याच पंथाच्या पाठबळावर तिसरा यझीद गादीवर आला आणि मी वचन मोडले तर मला पदच्युत करा, असे त्याने जाहीर भाषणात सांगितले. कर्माची जबाबदारी आता खलिफावरही आली होती. सहा महिन्यांतच तो वारला.

तरीही ‘दैववादी तो राजनिष्ठ’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही. माणसाला इच्छास्वातंत्र्य मुळीच नाही, असे मानणारा जहम इब्न सफवान खुरासानात उमय्यांविरुद्धच लढला आणि ७४६ साली मारला गेला.

कदरियांचा वारसा मुतझिलांनी उचलला. ते स्वतःला ‘अदल’ आणि ‘तौहीद’वाले, म्हणजे न्याय आणि एकेश्वरत्व मानणारे म्हणवीत. आपली ‘अदालत’ याच ‘अदल’च्या कुळातली. जे टाळणे शक्यच नव्हते त्याची शिक्षा देणे हा अन्याय. ईश्वर न्यायी आहे, म्हणून माणूस स्वतंत्र असलाच पाहिजे, असा त्यांचा सिद्धान्त. मात्र ८३३ साली सत्ता अनुकूल होताच यांच्याच एका मतासाठी – कुराण निर्मित आहे या मतासाठी – खलिफा अल-मामूनने धर्मपंडितांची सक्तीची चौकशी सुरू केली. त्यातच पुढे इब्न हनबल यांना फटके खावे लागले. स्वातंत्र्यवाद्यांच्या इतिहासातला हा डाग आहे.

त्यांना खरा धक्का दिला तो त्यांच्याच शिष्याने. अल-अशअरीने गुरू अल-जुब्बाईला विचारले, अशी कथा आहे : तीन भाऊ; एक पुण्यवान, एक पापी, एक बालपणीच वारलेला. बालक ईश्वराला म्हणाले, ‘मलाही वाढू दिले असते, तर मीही पुण्य जोडले असते.’ उत्तर मिळाले, ‘तू पापी झाला असतास, म्हणून लवकर नेले.’ यावर पापी ओरडला, ‘मग मला का नाही लवकर नेले?’ गुरू निरुत्तर झाले. कथा बहुधा रचलेली असावी, पण तिच्यातला काटा खरा आहे. ईश्वराचा न्याय माणसाच्या तराजूत तोलता येत नाही, असे म्हणत अशअरीने सुमारे ९१२ साली पंथ सोडला. कर्म ईश्वर निर्माण करतो, माणूस ते केवळ ‘कमावतो’, ही त्याची तोडगावजा मांडणी बहुतेक सुन्नी जगात रुजली. समरकंदच्या अल-मातुरीदीने (मृत्यू ९४४) माणसाच्या निवडीला थोडी अधिक जागा दिली. भारतातले हनफी मुसलमान परंपरेने त्याच्या वाटेचे.

मुतझिलांचे ग्रंथ मात्र शतकानुशतके बव्हंशी विरोधकांच्या खंडनांतूनच ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या मध्यात येमेनमधल्या झैदी शियांच्या ग्रंथभांडारांत काझी अब्द अल-जब्बार (मृत्यू १०२५) यांच्या महाग्रंथाचे खंडच्या खंड सापडले, आणि ‘अदल’चा पक्ष प्रथमच त्यांच्या तोंडून सविस्तर ऐकू आला.