वडपे (ता. भिवंडी, जि. ठाणे)

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील महामार्गालगतचे गाव. भिवंडी शहराच्या ईशान्येस सात-आठ कि.मी. आणि ठाण्याच्या माजिवडा नाक्यापासून सुमारे २४ कि.मी.वर आहे. मुंबई–आग्रा रस्त्याची जुनी वाट कशेळी, अंजूरफाटा करत भिवंडीच्या भर वस्तीतून येते; शहराला वळसा घालणारा बायपास खारेगाव, माणकोली, रांजणोली असा येतो. दोघांची गाठ वडप्याला पडते आणि तिथून एकच रस्ता पडघा, शहापूर, कसारा घाट करत नाशिककडे जातो. गावाचे बाहेरच्या जगातले नाव या गाठीमुळे झाले. रस्ते बांधणाऱ्यांच्या कागदांत ‘वडपे–गोंदे’ म्हणजे नाशिककडचा सुमारे १०० कि.मी.चा चौपदरी टप्पा आणि ‘माजिवडा–वडपे’ म्हणजे ठाण्याकडचा, २०२१ पासून आठपदरी करायला घेतलेला टप्पा. एका जोडनावात गाव आरंभाला आहे, दुसऱ्यात शेवटाला. गावात ज्यांनी कधी पाऊल टाकले नाही त्यांनाही ‘वडप्यापासून जाम आहे’ एवढे मात्र ठाऊक असते.

भिवंडी तालुक्याच्या उत्तरेला तानसा नदी, पलीकडे वाडा तालुका. हा वाडा १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यात गेला, म्हणून तानसा ओलांडली की आता जिल्हाही बदलतो. दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आणि कल्याण. पूर्वेला शहापूर तालुका, ज्याच्या माहुलीचे सुळके हवा स्वच्छ असली की महामार्गावरूनही ओळखू येतात. पश्चिमेला कामण-तुंगारेश्वरच्या डोंगररांगा, त्यांच्यामागे वसई. मधला भाग खोलगट आणि टेकाडांचा. त्यातून कामवारी नदी वाहत भिवंडी शहराला लगटून खाडीला मिळते. शहराच्या वरच्या अंगाला ती अजून नदी वाटते. खाली गेल्यावर कापडाच्या सायझिंग आणि डाइंगच्या पाण्यामुळे तिचा रंग त्या-त्या दिवसाच्या कामावर अवलंबून असतो.

खडक सगळा काळा बेसाल्ट. कोकणाच्या या पट्ट्यात जमिनीखाली लांबच लांब भेगा आहेत आणि त्यांतून गरम पाणी वर येते. पालघरपासून पार राजापूरपर्यंत अशा झऱ्यांची ओळ लागते. तालुक्यातली अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरीची कुंडे त्याच ओळीतली. पाऊस भरपूर, साधारण अडीच हजार मिलिमीटर, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सखल भागात भाताची खाचरे, उतारावर वरकस जमीन, तिच्यावर नाचणी, वरी आणि गवत. खाडीकडच्या गावांत खाजण आणि मिठागरे. रोपासाठी राब भाजण्याची पद्धत अजून दिसते. फाल्गुन-चैत्रात शेणाचा थर, त्यावर झाडांचे टहाळे आणि पातेरा, वर गवत आणि शेवटी मातीचा हात. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग धावत नाही, धुमसत राहते. त्या काळ्या चौकोनात पहिल्या पावसावर भात फेकतात, आणि आषाढात आवण उपटून चिखलात लावतात. हा काळा चौकोन पूर्वी महामार्गावरून ठिकठिकाणी दिसे. आता रस्त्याकडेच्या जमिनीवर पत्र्याची छपरे आहेत आणि राब पाहायला आत, डोंगराच्या पायथ्याच्या गावांकडे वळावे लागते.

वस्ती आगरी, कुणबी, कोळी यांची. पाड्यांवर वारली, कातकरी, मल्हार कोळी. आगरी बोलीचा ठेका नाशिककडे जाताना हळूहळू विरळ होत जातो, पण वडप्याच्या परिसरात अजून पक्का आहे. लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद हा इथला खरा सोहळा. लग्नाला एक वेळ न गेले तरी चालते, हळदीला न गेल्याचे मात्र वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

पत्र्याची छपरे म्हणजे गोदामे, इथल्या भाषेत गोडाऊन. खाडीकाठच्या काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे या गावांत ती आधी उभी राहिली आणि मग महामार्गाने माणकोली, वडपे, पडघ्याकडे सरकली. कारण साधे होते. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात लागे आणि शहरात जागा मिळत नसे. भिवंडी शहराबाहेरच्या ग्रामपंचायत हद्दीत जकात नव्हती, जमीन स्वस्त होती. माल इथे उतरवायचा आणि लागेल तेवढाच टेम्पोने मुंबईत न्यायचा. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर कंटेनरचीही भर पडली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात बंद झाली, तेव्हा गोदामे ओस पडतील असे अनेकांना वाटले. झाले उलटेच. राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवण्याची गरज संपली, मोठ्या कंपन्यांनी सगळा माल एके ठिकाणी आणायला घेतला, आणि वडप्याच्या बाजूला एकेका छपराखाली अख्खा पाडा मावेल एवढ्या शेड झाल्या. जुन्या गाळ्यात हमालाच्या पाठीवर पोते असे. नव्या शेडला ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचे डॉक असते, ट्रक उलटा येऊन टेकतो आणि आत हातात स्कॅनर धरलेली विशीतली मुले रॅकच्या बोळांतून चालत असतात. मुंबईकराच्या दारात येणारे खोके आदल्या रात्री बहुधा याच तालुक्यात असते.

भिवंडीची त्याआधीची कीर्ती मात्र कापडाची. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर गावे सोडून निघाले आणि मालेगाव, भिवंडी येथे स्थिरावले. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर त्यांची संख्या आणखी वाढली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांवर भरली. लूमचा खडखडाट वडप्यापर्यंत येत नाही. पण ग्रे कापडाचे ताके लादलेले टेम्पो याच नाक्यावरून जातात, आणि मंदी आली की त्यांच्या संख्येवरूनच चहावाल्याला ती आधी कळते.

या परिसरात वेगळ्या जातीची दोन-तीन प्रेक्षणीय स्थळे आहेत, जी कोणत्याही पर्यटन नकाशावर नाहीत. पहिले पडघ्याचे वीजकेंद्र. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची वीज मुंबईच्या बाजूला आणायची तर अंतर मोठे आणि वाटेतली गळती त्याहून मोठी. म्हणून ती चंद्रपूरला प्रत्यावर्तीची एकदिश करतात, ५०० किलोव्होल्टच्या धन आणि ऋण दाबावर ७५२ कि.मी. आणतात आणि पडघ्याला पुन्हा प्रत्यावर्ती करतात. क्षमता १,५०० मेगावॅट. १९९९ पासून ही वाहिनी चालू आहे. मनोरे ओळखायची खूण सोपी आहे. नेहमीच्या मनोऱ्यावर तारांचे तीन किंवा सहा जुडगे असतात, या मनोऱ्याच्या दोन हातांवर दोनच. शाळेच्या सहली इथून वज्रेश्वरीला जातात तेव्हा एखाद्या शिक्षकाने बस थांबवून हे दाखवायला हरकत नाही.

दुसरे स्थळ आमणे. समृद्धी महामार्ग नागपूरहून निघतो आणि ७०१ कि.मी.वर, याच तालुक्यात आमण्याला संपतो. तिथून जोडरस्त्याने वाहने वडप्याजवळ नाशिक महामार्गावर उतरतात. नागपूर–शिर्डी हा ५२० कि.मी.चा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. इगतपुरी–आमणे हा ७६ कि.मी.चा शेवटचा भाग, कसाऱ्याजवळच्या सुमारे आठ कि.मी.च्या जुळ्या बोगद्यांसह, ५ जून २०२५ रोजी. चंद्रपूरची वीज आणि नागपूरचा रस्ता, विदर्भातून निघालेल्या दोन्ही रेघा मुंबईला पोचण्याआधी भिवंडी तालुक्यातच थांबतात हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पुढचे शेवटचे तीस-पस्तीस कि.मी. ज्याचे त्याने कापायचे, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याला किती वेळ लागेल हे सांगण्याच्या फंदात नोंदकाराने पडू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. तानसा धरण १८९२ मध्ये मुंबईसाठी बांधले गेले. ते शहापूर तालुक्यात आहे, पण त्याचे पाणी भिवंडी तालुक्यातून जाते. भातसा नदीचे पाणी पिसे येथे उचलून पांजरापूरला शुद्ध करतात, तेही याच बाजूला. माणूस आत उभा राहील एवढ्या जाडीच्या नळांलगतचा देखभालीचा रस्ता ‘पाइपलाइन रोड’ म्हणून गावोगाव वापरात आहे. नळाच्या सांध्यातून उडणाऱ्या पाण्याखाली हंडा धरून उभ्या असलेल्या बायका हे उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य आहे.

इतिहास वडप्यापेक्षा आजूबाजूला अधिक आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची पहिली गलबते या खाडीत बांधायला सुरुवात झाली. कामावर वसईकडचे पोर्तुगीज कारागीरही होते. रुय लैतांव व्हिएगश हा त्यांचा म्होरक्या. वसई तेव्हा पोर्तुगालची होती.

वसईच्याच मोहिमेशी वज्रेश्वरीचे देऊळ जोडलेले आहे. वडप्याच्या वायव्येस पंचवीसेक कि.मी.वर, तानसेच्या काठच्या टेकडीवर ते उभे आहे. वसई मिळाली तर देवीचे देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांचा नवस होता असे सांगतात. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडला गेला. देवळाला कोट आहे, पायऱ्या दगडी आहेत आणि नगारखाना किल्ल्याच्या दरवाजासारखा. देऊळ लढाईच्या नवसाचे आहे हे तो दरवाजाच सांगतो. चैत्रात जत्रा भरते. शेजारच्या गणेशपुरीत भगवान नित्यानंदांचे वास्तव्य होते. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे सत्तरच्या दशकात या गावात परदेशी साधक मोठ्या संख्येने येत. कुंडांचे पाणी अंग सोसेल त्याहून थोडे जास्तच गरम असते. सराईत माणूस आधी पाय सोडून बसतो, नवखा उडी मारून ओरडतो.

याच बाजूला दुगाड गाव आणि त्याच्या माथ्यावर गुमतारा किल्ला आहे, उंची सुमारे १,९५० फूट. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली. त्याच सुमारास दुगाडजवळ कर्नल हार्टलेच्या फौजेवर रामचंद्र गणेश कानडे यांनी हल्ला चढवला. धुक्याचा आडोसा घेऊन मराठे पुढे सरकले, पण धुके ऐन वेळी विरले आणि १२ डिसेंबरला रामचंद्र गणेश पडले. मराठ्यांच्या बाजूने लढणारा नरोन्हा हा पोर्तुगीज अधिकारी जखमी झाला. गुमताऱ्यावर आज पाण्याची टाकी, पडके बुरूज आणि भरपूर झाडी एवढेच आहे. हिवाळ्यातल्या सकाळी मात्र खोऱ्यात धुके असते आणि लढाई समजायला तेवढे पुरते.

या सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत दुर्लक्षित ठिकाण लोनाड. वडप्याच्या दक्षिणेकडे, कल्याण–पडघा रस्त्याच्या बाजूला ते आहे. टेकडीच्या पोटात एक अर्धवट राहिलेले बौद्ध लेणे. त्यातील शिल्पपट जातककथांचे मानतात. आत आता खंडेश्वरी देवी आहे, म्हणून लोक त्याला खंडेश्वरीची लेणी म्हणतात आणि नवरात्रात गर्दी होते. गावात शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. शिखर गेलेले, सभामंडप उघडा पडलेला, पण खांबांवरचे कोरीव काम हात फिरवून पाहावे असे. शेजारच्या चौधरपाड्याचा शिलालेख शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा, शके ११६१ म्हणजे इ.स. १२४० चा. शिवरात्रीच्या दिवशी सोमकवीला ब्रह्मपुरी हे गाव दिल्याचे तो सांगतो. अशा दानलेखांच्या दगडाला गद्धेगाळ म्हणतात. वर सूर्य, चंद्र आणि मधे कलश, म्हणजे ते असेतोवर दान टिकावे. मध्ये लेख. खाली गाढव आणि स्त्री यांचे उघडेवाघडे चित्र: दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईवरची ही शिवी आहे, आणि ती अक्षरओळख नसलेल्यालाही वाचता यावी म्हणून कोरलेली आहे. परिसरात असे दगड शेताच्या बांधावर, देवळाच्या मागे, कधी शेंदूर फासून देव म्हणून उभे दिसतात. कल्याणहून बापगावमार्गे रिक्षा मिळते. वडप्याहून स्वतःचे वाहन बरे. वाटेतले ट्रक रस्त्यावरच आडवे लावलेले असतात, त्यामुळे शेवटचा टप्पा पायी चालायची तयारी ठेवावी.