घरमालक सिबिल मागतो तेव्हा काय द्यायचं?

पुण्यात नोकरी लागलेल्या पोरांकडे खोली देताना काही घरमालक आता आधार, पगाराच्या स्लिपसोबत सिबिलही मागतात. भाडं वेळेवर येईल का, एवढंच त्यांना बघायचं असतं. पण घरमालकाला तो परस्पर काढता येत नाही. 2005 च्या कायद्याने तो अधिकार बँका, वित्तसंस्था अशांनाच आहे. त्यामुळे भाडेकरूनेच स्वतःचा रिपोर्ट काढायचा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. एजंटाला ओटीपी मात्र देऊ नका. रिपोर्टात पॅन, पत्ते, मोबाईल नंबर सगळं असतं, म्हणून स्कोअरचं पान दाखवलं तरी पुष्कळ.

स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. पोराच्या नावावरचं पीककर्ज थकलं असेल तर ते त्यात दिसतं. कुणाला जामीन राहिला असेल तर तेही दिसतं, हे गावात फार जणांना ठाऊक नसतं. कर्ज भरूनही थकीत दाखवत असेल तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. कधी कर्जच घेतलं नसेल तर स्कोअरच येत नाही. तिथं पगाराची स्लिप आणि कंपनीचं पत्र पुढं करावं.