घोडा, उंट आणि ‘कॅमलिन’

१/ ‘नायकी’ हे नाव ग्रीक विजयदेवतेचे. तिचे चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरांत रेखाटले, हे सर्वश्रुत आहे. पेण-रोह्याच्या शाळकरी दप्तरांतील उंटाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

२/ साल १९३१. विदेशी मालावरील बहिष्काराचा काळ. मुंबईत दि. प. दांडेकर व बंधू गो. प. दांडेकर यांनी ‘दांडेकर अँड कंपनी’ स्थापिली. माल होता शाईची पूड आणि वड्या. पाण्यात विरघळवली की शाई तयार. छाप होती घोड्याची: ‘हॉर्स ब्रँड’.

३/ फाउंटन पेनासाठी तयार शाई आली, तेव्हा नवे नाव हवे होते. इराण्याच्या हॉटेलात ‘कॅमल’ या अमेरिकी सिगारेटची जाहिरात पाहून दिगंबरपंतांना ते सुचले, अशी कथा प्रचलित आहे. एकदा पाणी पिऊन उंट लांबचा पल्ला गाठतो. एकदा भरलेल्या पेनानेही तसेच चालावे.

४/ स्वदेशी शाईला इंग्रजी नाव, हा विरोधाभास खरा. परंतु चित्राला भाषांतर लागत नाही. इंग्रजी न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही उंट ओळखता येत होता.

५/ पुढे ‘कॅमल’ आणि ‘इंक’ यांच्या संधीतून ‘कॅमलिन’ घडले. १९४६ मध्ये ती खासगी मर्यादित कंपनी झाली.

६/ २०११ मध्ये बहुसंख्य भागभांडवल जपानच्या ‘कोकुयो’कडे गेले. पेणच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, पाताळगंगेला, आज ‘कोकुयो कॅमलिन’चा कारखाना आहे. बहिष्काराच्या काळात जन्मलेल्या कंपनीची मालकी परदेशी झाली. उंट मात्र टिकून राहिला.