प्रतीक्षेतला कॅमेरा : पेंटॅक्सची पंधरा वर्षे

यंत्रांचा इतिहास साधारणपणे घोषणांच्या तारखांनी लिहिला जातो. अमुक साली अमुक यंत्र आले, तमुक साली त्याची सुधारित आवृत्ती आली आणि आधीचे मागे पडले. वाङ्मयाचा इतिहास शिकवताना आपणही प्रकाशनवर्षांची अशीच माळ ओवतो. एखादे पुस्तक छापले गेले त्या वर्षी लोक प्रत्यक्षात काय वाचत होते, हा प्रश्न मात्र परीक्षेच्या कक्षेबाहेर राहतो. छायाचित्रणात हा दोष अधिक ठळक होतो. नवा कॅमेरा जाहीर होतो त्या दिवशीही जगातली जवळपास सगळी छायाचित्रे जुन्या कॅमेऱ्यांनीच काढली जात असतात. डिजिटल छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात तर एका नाममुद्रेच्या अनुयायांनी, दाखवला गेलेला पण विकायला कधीच न आलेला कॅमेरा मनात ठेवून, दुसऱ्याच कॅमेऱ्यांवर तब्बल पंधरा वर्षे काम केले. ही नाममुद्रा जपानची पेंटॅक्स. प्रतीक्षा सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली. आम्हांला तिच्यात रस वाटतो तो एका विसंगतीमुळे : वाट भविष्याची पाहिली जात होती, पण हवे होते ते भूतकाळातले.

थोडी पार्श्वभूमी. असाही ऑप्टिकल ही संस्था १९१९ सालची. १९५२ मध्ये तिने असाहिफ्लेक्स हा जपानमधला पहिला ३५ मिलिमीटर एसएलआर कॅमेरा बनवला. १९५७ मध्ये पेंटॅक्स हे नाव आले आणि १९७५ मध्ये 'के माउंट', म्हणजे कॅमेरा व लेन्स जिथे एकमेकांना जोडले जातात ते धातूचे कडे. ही शेवटची गोष्ट वरवर पाहता किरकोळ आहे, पण पुढच्या साऱ्या कथेची कळ तिच्यात आहे. पेंटॅक्सने हे कडे पुढे टाकून दिले नाही. १९७५ ची लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. त्याआधीच्या, आट्यांवर फिरवून बसवायच्या ताकुमार लेन्सेससुद्धा एका लहानशा अडॅप्टरने बसतात. त्यामुळे पेंटॅक्सवाल्याची खरी मिळकत कॅमेरा नसून लेन्सचा संग्रह असे. काही घरांत तर तो वारशाने आलेला.

ह्या संग्रहाच्या शिखरावर 'लिमिटेड' म्हणवल्या जाणाऱ्या तीन धातूच्या लेन्सेस होत्या : १९९७ ची ४३ मिलिमीटरची, १९९९ ची ७७ ची आणि २००१ ची ३१ ची. त्यांतल्या ४३ ह्या आकड्याकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या चित्राची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटर असते. शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाने तिचा कर्ण काढला, तर तो ४३.३ येतो. लेन्सचे नाभीय अंतर चौकटीच्या कर्णाइतके असले की तिला 'नॉर्मल', म्हणजे फार रुंद नाही आणि फार अरुंदही नाही अशी दृष्टी असलेली मानतात. सगळ्या उद्योगाने सोयीसाठी ५० हा गोल आकडा धरला होता; पेंटॅक्सने काटेकोरपणे ४३ धरला. म्हणजे ही लेन्स एका विशिष्ट चौकटीची व्याख्याच आपल्या नावात घेऊन जन्मली होती. चौकट बदलली की नाव तेच राहणार आणि अर्थ हरवणार.

सप्टेंबर २००० मध्ये जर्मनीतील कोलोन येथे भरलेल्या फोटोकिना प्रदर्शनात पेंटॅक्सने एक डिजिटल एसएलआर कॅमेरा नमुन्यादाखल ठेवला. पुढे तो 'एमझेड-डी' ह्या नावाने ओळखला गेला. सेन्सर फिलिप्सचा, साठ लाख पिक्सेलचा, आणि आकाराने फिल्मच्या चौकटीएवढाच. बाजारात ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात तो. जुनी लेन्स, जुनीच दृष्टी, फक्त फिल्मच्या जागी सिलिकॉन. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने तो प्रकल्प रद्द केला. खर्च झेपण्याजोगा नव्हता. कारण समजण्यासारखे आहे. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापले जातात. तुकडा मोठा असेल तर एका चकतीतून थोडेच निघतात आणि एखाद्या बारीकशा दोषाने अख्खा तुकडा वाया जाण्याचा संभवही वाढतो. म्हणून आकार दुप्पट झाला की किंमत दुपटीवर थांबत नाही. त्याच फिलिप्स सेन्सरवर आधारलेला कॉन्टॅक्स एन डिजिटल २००२ मध्ये बाजारात आला खरा, पण तो फार टिकला नाही, आणि २००५ मध्ये क्योसेरा कंपनीने कॉन्टॅक्सचा कारभारच आवरता घेतला. तेव्हा पेंटॅक्सचा निर्णय भित्रेपणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. एमझेड-डीचा सांगाडा मात्र वाया गेला नाही. २००१ च्या एमझेड-एस ह्या फिल्म-कॅमेऱ्याच्या रूपाने तो बाजारात आला. भविष्यासाठी घडवलेल्या देहात पुन्हा फिल्मच भरली गेली.

वाट पाहणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात आला तो २००३ चा 'इस्ट डी'. त्याच्या अधिकृत नावाच्या आरंभी एक तारांकन होते. मूळ मजकूर दुसरीकडेच असावा आणि हा कॅमेरा म्हणजे त्याची तळटीप, असे आम्हांला ते चिन्ह पाहून नेहमी वाटते. सेन्सर ६१ लाख पिक्सेलचा, पण आकार २३.५ गुणिले १५.७ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढले तर फिल्मच्या चौकटीच्या सुमारे ४३ टक्के (योगायोगाने पुन्हा तोच आकडा). लेन्स पूर्ण चौकटीएवढे चित्र आत पाडत होती आणि कॅमेरा त्यातला मधला भाग तेवढा टिपत होता. ३१ ची लेन्स जणू ४७ ची झाली, ४३ ची ६६ ची आणि ७७ ची ११८ ची. खोलीभर पाहणारी लेन्स टेबलाएवढे पाहू लागली. 'नॉर्मल' लेन्स चेहऱ्यांची लेन्स बनली.

ह्याचे परिणाम सौंदर्यशास्त्रीय होते तसे अगदी पायांशीही निगडित होते. रुंद दृश्य हवे तर मागे सरकावे लागे आणि मागे भिंत असेल तर ते दृश्य सोडून द्यावे लागे. काहीजण एकाशेजारी एक अशी तीन-चार चित्रे काढून संगणकावर सांधत. काही जण अरुंद विषयांकडे वळले : दार, हात, अर्धा चेहरा. एक लाभही झाला. जुन्या लेन्सेस बहुधा कोपऱ्यांत दुबळ्या असतात आणि लहान सेन्सर ते कोपरेच छाटून टाकत असल्यामुळे साधारण लेन्सही कसदार भासू लागली. उलट व्ह्यूफाइंडरमधले चित्र लहान झाले. हाताने फोकस करायच्या लेन्सेसवर ज्यांची भिस्त होती, त्यांना हे जाचक ठरले. २००६ च्या के-१००डी आणि के-१०डी ह्या कॅमेऱ्यांत सेन्सर स्वतःच हलून हाताचा कंप शोषून घेऊ लागला. ह्यातली मौज अशी, की जुनी लेन्स लावून कॅमेरा सुरू केला की तो तिचे नाभीय अंतर विचारतो. आकडा सांगितला की तीस वर्षांपूर्वीच्या काचेलाही ही सोय मिळते. वाट पाहणाऱ्यांना धरून ठेवण्यात अशा सौजन्याचा वाटा फार मोठा असावा.

दरम्यान इतरांकडे पूर्ण चौकट येत गेली. कॅनन वनडीएस २००२ मध्ये, त्यामानाने आवाक्यातला कॅनन फाइव्हडी २००५ मध्ये, निकॉन डी-३ २००७ मध्ये आणि सोनी ए-९०० २००८ मध्ये. पेंटॅक्सची मालकी ह्याच काळात दोनदा बदलली. २००८ मध्ये ती होयामध्ये विलीन झाली आणि २०११ मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसाय रिकोकडे गेला. मधेच, २०१० मध्ये, फुल फ्रेमहूनही मोठा सेन्सर असलेला ६४५डी ह्याच कंपनीने काढला. म्हणजे धाकटी आणि थोरली अशा दोन्ही चौकटी होत्या, मधली तेवढी नव्हती. शिवाय २००४ पासून 'डीए' ह्या नावाखाली लहान सेन्सरसाठीच आखलेल्या सुबक लेन्सेसची मालिका सुरू झाली होती. वाट पाहू नका, हेच तुमचे घर, असे कंपनी लेन्सच्या भाषेत सांगत होती. पुष्कळांनी ते ऐकले. पुष्कळांनी संग्रह विकून दुसऱ्या नाममुद्रेचा आश्रय घेतला. उरलेले थांबले.

ह्या थांबलेल्यांविषयी दोन तऱ्हांनी बोलले जाते आणि दोन्ही आम्हांला अपुऱ्या वाटतात. पहिली तऱ्हा प्रगतीची : खरा कॅमेरा २०१६ मध्ये आला, तोवरचे सगळे हंगामी. दुसरी तऱ्हा संयमाच्या कौतुकाची : मर्यादेमुळेच दृष्टी घडते, सबब जुना कॅमेरा हे वरदान. साहित्यिक मंडळींना ही दुसरी अधिक भावते, कारण वृत्तबंधनातून कविता फुलते हे आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. पण कवी वृत्त निवडतो. हे बंधन दूरच्या एका कारखान्याच्या हिशेबातून आले होते. ३००८ गुणिले २००८ पिक्सेलचे चित्र इंचाला तीनशे ठिपके ह्या छपाईच्या मानाने दहा इंच बाय पावणेसात इंचांहून मोठे छापता येत नाही. मासिकाचे पूर्ण पान हवे असेल तर चित्र ताणावे लागते. जी गल्ली सबंध चौकटीत मावली नाही, ती नंतरच्या कोणत्याही कॅमेऱ्याने त्या दिवशीची म्हणून परत मिळत नाही. हे नुकसान नुकसानच आहे. त्याला साधनेचे नाव देण्यात अर्थ नाही. आणि तरीही ह्या वर्षांतली छायाचित्रे हंगामी म्हणून बाजूला सारता येत नाहीत, कारण त्या माणसांचे, त्या घरांचे, त्या वर्षांचे दुसरे चित्रच नाही.

आणखी एक बाब पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना जवळची वाटेल. हे छायाचित्रकार पुष्कळदा 'रॉ' फाइल जपत, म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा मजकूर. अडोबीने २००४ मध्ये त्यासाठी डीएनजी हा खुला साचा मांडला आणि के-१०डीपासून पेंटॅक्सने तो कॅमेऱ्यातच पर्याय म्हणून दिला. कच्च्या मजकुराचे चित्र बनवणाऱ्या प्रणाली पुढे सुधारत गेल्या, त्यामुळे २००६ ची फाइल दहा वर्षांनी उघडली तर सावलीतला कोलाहल कमी आणि तपशील अधिक स्वच्छ मिळू लागला. कॅमेरा जुनाच राहिला. त्याच्या मजकुराला चांगला वाचक उशिरा भेटला. चौकटीबाहेर राहिलेले मात्र कोणताही वाचक आत आणू शकत नाही.

डिजिटल चित्राच्या पोटात लपलेल्या नोंदींमध्ये, ज्यांना 'एक्झिफ' म्हणतात, लेन्सचे नाभीय अंतर लिहिलेले असते. २००२ च्या आवृत्तीत त्या नोंदींत आणखी एका रकान्याची भर पडली : हेच अंतर ३५ मिलिमीटर फिल्मच्या मानाने किती? फिल्म हातातून निघून चालली होती, त्या वेळी तिचे माप नव्या माध्यमाच्या दप्तरात कायमचे नोंदवले गेले. वजनकाटा बदलला तरी जुन्या शेरानेच बोलणाऱ्या गिऱ्हाइकासारखे हे आहे. पेंटॅक्सवाल्यांचा हट्ट म्हणजे वेडेपणा होता असे म्हणणाऱ्यांनी हा रकाना पाहावा. सगळा उद्योगच मनातून त्याच चौकटीत पाहत होता.

फेब्रुवारी २०१५ मध्ये जपानमधल्या सीपी प्लस प्रदर्शनात फुल फ्रेम पेंटॅक्सचा नमुना काचेआड दिसला आणि एका वर्षाने, फेब्रुवारी २०१६ मध्ये, के-१ जाहीर झाला. ३६४ लाख पिक्सेल आणि सुमारे एक किलो वजन. १९९७ ची लेन्स त्यावर चढवली की ४३ चा अर्थ पुन्हा ४३ झाला. पण मधल्या वर्षांत जमवलेल्या 'डीए' लेन्सेसचे काय? त्यांच्यासाठी के-१ मध्ये चौकट लहान करण्याची सोय आहे, आणि तशी ती केली की चित्र सुमारे १५३ लाख पिक्सेलचे मिळते. २०१० च्या के-५ मध्ये ते १६३ लाखांचे होते. म्हणजे ज्यांनी कंपनीचे ऐकून लहान चौकटीशी मनापासून संसार मांडला, त्यांच्या वाट्याला नव्या कॅमेऱ्यातून जुन्याहून थोडे कमीच आले.

एकाच छायाचित्रकाराचा, एकाच लेन्सचा असा संग्रह उद्या एखाद्या अभ्यासकापुढे आला, तर त्यात दोन सांधे दिसतील. २००३ च्या आसपास दृष्टी अचानक आक्रसते आणि २०१६ नंतर पुन्हा रुंदावते. नोंदीत लेन्सचा आकडा तिन्ही कालखंडांत तोच. शैलीत बदल झाला असा निष्कर्ष काढण्याचा मोह त्या अभ्यासकाला होईल, आणि वयपरत्वे छायाचित्रकार अंतर्मुख झाला वगैरे विवेचनही त्यावर सहज रचता येईल. २०१८ मध्ये के-१ ची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा रिकोने जुन्या के-१ मधले मुख्य सर्किट पैसे घेऊन बदलून देण्याची योजना काही महिने चालवली. लोकांनी आपापले कॅमेरे पाठवले, आणि ते परत येईपर्यंतच्या दिवसांत कपाटातला के-५ किंवा के-१०डी पुन्हा बाहेर काढला.