जुना संगणक आणि मागासपणाचा शिक्का

"अजून एक्सपीच वापरता?" गगनबावड्यासारख्या डोंगरी तालुक्यातल्या माणसाला शहरी माणूस हा प्रश्न हसत विचारतो. हे हसणे आपल्या ओळखीचे आहे. आधी साधन मिळू द्यायचे नाही आणि मग त्यालाच मागास म्हणायचे! म्हणून हा इतिहास आपण नीट तपासला पाहिजे.

विंडोज एक्सपी ऑक्टोबर 2001 मध्ये बाजारात आली. त्याच सुमारास महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि आपल्यातल्या अनेकांनी माऊस पहिल्यांदा हातात धरला. 8 एप्रिल 2014 रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. कंपनीचा धंदा पुढे गेला, आपली गरज मात्र तिथेच राहिली.

लोक जुने का सोडत नाहीत? पैसा हे एक कारण आहेच. दुसरे कारण आहे आपली लिपी. डीटीपीवाल्यांचे मराठी काम पेजमेकर आणि श्रीलिपीसारख्या फॉन्टवर चालले. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवलेली असत. फॉन्ट नसेल तर 'भीम' शब्दाच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची. तिला युनिकोड मराठी जमत नाही. म्हणजे संगणक बदलला की वीस वर्षांचे काम वाचता येईनासे होते. याला आळस म्हणायचे का?

त्या कामात आपल्या जयंतीच्या स्मरणिका आहेत, पत्रके आहेत, विशेषांक आहेत. 1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा याच कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे बाबासाहेबांनी भारत भूषण छापखाना उभा केला. छपाईचे साधन दुसऱ्याच्या हातात असेल तर आपला शब्दही त्याच्याच मर्जीवर राहतो, हे त्यांनी ओळखले होते. आजचा छापखाना म्हणजे संगणक.

कुणी म्हणेल, जुनी प्रणाली धोक्याची असते. खरे आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभरातले संगणक ओलीस धरले. पण तेव्हा मायक्रोसॉफ्टने मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. म्हणजे मुदत ही निसर्गाचा नियम नाही, तो कंपनीचा निर्णय असतो. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची पाळी आली. विंडोज 11 तर अनेक चांगल्या चालत्या संगणकांना दारातच उभे करत नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्याचा अभिमान नको आणि लाजही नको. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवा. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा. चालत्या पण नाकारलेल्या संगणकावर लिनक्स बसवायला शिका. ती फुकट मिळते आणि मराठीही लिहिते. आपला इतिहास कंपनीच्या तारखेबरोबर संपू देऊ नका.

जय भीम!