नाडा, खिटी आणि आकडा : तासगाव भागातील विहिरींवरील उचलसाधने

तासगावचा इतिहास सांगताना परशुरामभाऊ पटवर्धनांचे गणपतीमंदिर, त्याचे सात मजली गोपुर आणि भाद्रपद शुद्ध पंचमीस दोरांनी ओढला जाणारा रथ यांचा उल्लेख सहसा चुकत नाही. रथाचा दोर मात्र वर्षातून एकदाच ताणला जातो. येरळा आणि अग्रणी या नद्यांच्या दरम्यानच्या अवर्षणप्रवण भूमीत जो दोर वर्षानुवर्षे रोज ताणला गेला तो मोटेचा नाडा होय. त्याच्याकडे इतिहासकारांनी शेतीचे अवजार म्हणून ओझरती दृष्टी टाकली. ओझे उचलण्याचे साधन म्हणून त्याचा विचार फारसा झालेला नाही. ओझे उचलणारे प्रत्येक साधन माणसाच्या जिवाशी खेळत असते, हे लक्षात घेता ही उपेक्षा समर्थनीय वाटत नाही.

मोटेची रचना दिसते तितकी साधी नाही. विहिरीच्या काठावर उभारलेल्या वरच्या चाकावरून जाड नाडा जातो, खालच्या रुळावरून सोंदूर हा बारीक दोर जातो. नाडा मोटेच्या तोंडाला व सोंदूर तिच्या सोंडेला बांधलेला असतो. बैल धावेवरून उतरू लागले की दोन्ही दोर एकाच वेळी ओढले जातात. वर येईपर्यंत सोंड दुमडलेली राहते आणि काठाशी आल्यावर ती रुळावरून पुढे सरकून पाणी थारोळ्यात ओतते. दोन दोरांच्या लांबीचा मेळ चुकला तर पाणी काठापर्यंत येऊनही पुन्हा विहिरीत सांडते. धाव उतरती ठेवण्यात बैलांच्या स्वतःच्या वजनाचा उपयोग करून घेण्याची युक्ती आहे. उतरताना मोटकरी नाड्यावर बसे, तेही याच कारणाने.

आता यातील धोका पाहावा. दीडशे लिटर पाणी मावणारी मोट धरली तर नुसत्या पाण्याचेच वजन दीडशे किलो होते. त्यात भिजलेल्या चामड्याचे वजन निराळे. हे ओझे अधांतरी असताना त्याला धरून ठेवणारे बैलांवाचून दुसरे काहीही नसते. मोटेला खिटी नाही, रोधक नाही. नाडा तुटला तर मोट विहिरीत जाते, ओढीत असलेले बैल एकाएकी पुढे कोलमडतात आणि नाड्यावर बसलेला माणूस फेकला जातो. मोट रिकामी झाल्यावर बैल उलट पावली धावेवर मागे येतात, तेव्हा त्यांची पाठ विहिरीकडे असते. म्हणजे संपूर्ण रचनेची सुरक्षितता दोन गोष्टींवर येऊन ठेपते : दोराची अवस्था आणि हाकणाऱ्याचे लक्ष.

दोर कोणी तपासावा? याचे उत्तर बलुतेदारीत होते. नाडा व सोंदूर वळणे मातंगांकडे, मोटेचे चामडे ढोराकडे वा चांभाराकडे, चाक सुताराकडे आणि कण्याचे लोखंड लोहाराकडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात या व्यवस्थेचे जे विवेचन आहे, त्यावरून मोबदला बहुतांशी सुगीला धान्यरूपाने मिळे, हे स्पष्ट होते. देखभाल ही सुटी सेवा नसून वर्षाच्या नात्याचा भाग होती. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जो घायपाताचा वाख काढून नाडा वळीत असे त्यालाच त्या विहिरीचे पाणी शिवण्याची बहुधा मुभा नसे. दोर तुटून अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हेही कोठे लिहिलेले नव्हते. परंतु चाकाचा कणा कोरडा पडला की तो करकरतो, नाडा चाकावर जेथे पूर्ण भाराने घासतो तेथेच प्रथम विरतो, हे ज्ञान मात्र गावच्या बोलीत होते.

या शब्दधनाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'मोट बांधणे' या वाक्प्रचारातील मोट म्हणजे गाठोडे. पाण्याच्या मोटेशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा. संख्येचाही असाच भ्रम होतो. सातारा जिल्ह्यातील लिंब येथे शके 1641 ते 1646 या काळात विरुबाई भोसले यांनी बांधविलेली विहीर 'बारा मोटेची' म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात तेथे पंधरा मोटांची सोय आहे. दगडी बांधणीतच मोटांच्या जागा योजलेल्या असल्याने भार कोठे पडणार याचा विचार बांधकामापूर्वीच झाला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

तासगाव तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये तो दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. शेजारीच, औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळ, 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथील कारखान्याने 1926 च्या सुमारास पंप तयार करण्यास आरंभ केला. पुढे तेलाचे इंजिन आणि त्यामागून विजेची मोटार विहिरीवर आली व मोट अडगळीत पडली.

पाणी उचलण्याचे काम दोराने सोडले तरी ओझे उचलण्याचे काम संपले नाही. मोटार जळाली वा गाळ काढावयाचा झाला, की विहिरीवर तीन पायांची घोडी उभी राहते आणि तिला दांड्याने चालणारी साखळी-कप्पी टांगली जाते. या कप्पीत मोटेत नसलेली एक गोष्ट आहे : दांडा सोडला तरी घर्षण-रोधक आणि दंतचक्रात अडकणारी खिटी भार जागीच धरून ठेवतात. म्हणूनच तिच्यावर विसंबण्याची सवय लवकर जडते. खिटीचे टोक झिजले, तिची कमान ढिली पडली किंवा रोधकाच्या चकत्यांना तेल लागले की हा भरवसा निराधार ठरतो. मोटेच्या कण्याला वंगण हवेच असे. येथे साखळीला वंगण हवे, पण कोरड्या रोधकाला ते लागता कामा नये. जुन्या सवयीचा माणूस नेमका येथे फसण्याचा संभव आहे. आकड्याचे तोंड फाकले असेल, त्याची झडप मिटत नसेल, साखळीची एखादी कडी लांबली वा पिळली असेल, तर कप्पी बाजूस ठेवावयास हवी. ओझ्याभोवती साखळीचाच वेढा देणे आणि जोर वाढविण्यासाठी दांड्याला नळी जोडणे, ही दोन्ही कृत्ये घातकच. नळी जोडल्याने कप्पीची शक्ती वाढत नाही, फक्त तिची मर्यादा ओलांडली जाते.

कारखान्यांपुरते हे सारे कायद्याने बांधले गेले. 1948 च्या कारखाने अधिनियमातील 29 व्या कलमाने उचलयंत्रे, साखळ्या व दोर यांची जाणत्या व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा तरी पूर्ण तपासणी आणि सुरक्षित भाराचे स्पष्ट अंकन बंधनकारक केले. शेतातील विहीर म्हणजे कारखाना नव्हे. बलुतेदारी गेली आणि अधिनियम तेथवर पोहोचला नाही, अशा मधल्या जागेत ही कप्पी टांगलेली राहिली.

भाषेच्या दृष्टीने हा प्रकार विलक्षण आहे. क्रेनसाठी परिभाषेत 'यारी' हा शब्द योजला गेला, पण विहिरीवर 'क्रेन'च रुजली. आकडा, कडी, साखळी, खिटी, कणा, वंगण हे शब्द मात्र मराठीत पूर्वीपासून आहेत आणि कप्पीच्या तपासणीचा संपूर्ण विधी त्यांत सांगता येतो. कप्पीबरोबर येणारी सूचनापुस्तिका मात्र बहुधा इंग्रजीत असते आणि घोडीखाली उभ्या असलेल्या मजुरापर्यंत ती क्वचितच पोहोचते.